ताप नाही, मग धोका नाही?

मार्च २०२० च्या अखेरीस बारामतीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि एप्रिलमध्ये राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर शहर बंद करण्यात आलं. रस्ते अडवले, किराणा-भाजी-औषधं घरपोच, बाहेर कुणी पडायचं नाही. ‘बारामती पॅटर्न’ म्हणून त्याचा बोलबाला झाला. पुढे व्यवहार सुरू झाले तेव्हा दुकानांच्या दारात आणि कारखान्यांच्या गेटवर कपाळासमोर धरायचा थर्मामीटर आला. ताप नसेल तर आत सोडायचं. या दोन उपायांमागची गृहीतकं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिल्यात आजारी कोण, हे ओळखण्याची गरजच नव्हती. दुसऱ्याची सगळी भिस्त त्या ओळखीवर होती. या विषाणूपुढे दुसरं गृहीतक लंगडं पडलं.

तसं ते अगदीच निराधार नव्हतं. २००३ च्या सार्समध्ये रुग्णाच्या शरीरातला विषाणू आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात शिगेला पोचायचा. तोवर रुग्ण बहुधा अंथरुणाला किंवा रुग्णालयात असायचा, त्यामुळे तापाचे रुग्ण वेगळे काढले की साखळी तुटायची. कोविडचा विषाणू मात्र नाक-घशात आधीच भराभर वाढतो. ताप ही आपल्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया. ती उमटेपर्यंत एक-दोन दिवस निघून जातात आणि साध्या बोलण्यातूनही बारीक थेंब बाहेर पडत राहतात. एप्रिल २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मधल्या अभ्यासाने अंदाज बांधला, की सुमारे ४४ टक्के संसर्ग लक्षणं दिसण्यापूर्वीच दिला जातो. गेटवरच्या थर्मामीटरला असा माणूस सापडणार कसा?

मात्र लक्षणं नसलेले सगळे एका माळेचे मणी नव्हेत. कुणाला आज काही नसतं आणि परवा ताप येतो. कुणाला शेवटपर्यंत काहीच होत नाही. पहिला चांगलाच संसर्गजन्य असतो, दुसरा बराच कमी. सिंगापूरमधल्या एका अभ्यासात लक्षणं असलेल्यांच्या निकटच्या संपर्कांत संसर्गाचं प्रमाण, लक्षणं नसलेल्यांच्या संपर्कांपेक्षा जवळपास चौपट आढळलं. मग लक्षणं नसलेल्यांची एवढी काळजी कशाला? कारण धोका ठरतो तो एका भेटीतल्या शक्यतेला भेटींच्या संख्येने गुणून. अंग मोडून आलेला माणूस घरी पडून राहतो. काहीच न झालेला भिगवणच्या मासळी बाजारात जातो, इंदापूरच्या एसटी स्टँडवर थांबतो, ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडात उतरतो आणि रात्री कोपीत सगळ्यांशेजारी झोपतो. प्रत्येक भेटीतला धोका कमी असला, तरी बेरीज मोठी होते.

यावर वुहानचा दाखला हटकून दिला जातो. मे २०२० च्या उत्तरार्धात तिथे सुमारे एक कोटी लोकांची चाचणी झाली; लक्षणं नसलेले ३०० जण सापडले आणि त्यांच्या १,१७४ निकटच्या संपर्कांत एकही बाधित निघाला नाही. आकडे खरे आहेत, पण लक्षणं नसलेल्यांकडून संसर्ग होतच नाही हा त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. कडक टाळेबंदी उठून आठवडे लोटल्यावरची ही चाचणी होती. त्या ३०० जणांच्या नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढवता आला नाही. सापडले ते बहुधा जुन्या संसर्गाचे अवशेष. ऐन साथीत दोन दिवसांपूर्वी संसर्ग झालेल्या माणसाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं जायचं, तेव्हाची तक्रारही अशीच होती: ‘आम्हाला काही झालेलं नाही, मग चौदा दिवस कशाला?’ संसर्गापासून लक्षणांपर्यंत साधारण पाच दिवस लागत, काहींना अकरा-बारा, म्हणून चौदा. मुदतीत चूक नव्हती, व्यवस्थेत होती. एकाच वर्गखोलीत सतरंज्या टाकून अनेकांना झोपवायचं आणि शौचालय एकच ठेवायचं, तर ज्याला खरंच लागण झालेली आहे त्याला आपण नवे शेजारी मिळवून देतो. अकराव्या दिवशी ज्याला त्याच्याकडून लागण झाली, त्याचे चौदा दिवस तिथून सुरू होतात आणि तो तीन दिवसांनी घरी जातो.

बारामती पॅटर्नलाही सगळं श्रेय देता येत नाही. रुग्ण मोजके होते, म्हणून तो जमला. हातावर पोट असलेल्यांनी त्याची किंमत मोजली, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेने बारामती-इंदापूरला सोडलं नाहीच. शिवाय २०२० चं गणित आता जसंच्या तसं लागू पडत नाही. लसीकरण आणि आधीच्या संसर्गांमुळे शरीर विषाणूला लवकर ओळखतं, त्यामुळे ओमायक्रॉनच्या काळात क्रम काहीसा उलटला: घसा आधी खवखवतो आणि विषाणूचं प्रमाण लक्षणांच्या चौथ्या दिवसाच्या आसपास कमाल होतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी घरी केलेली अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, तर ती दोन दिवसांनी पुन्हा करावी लागते.