कानशिलाचा ठणका आणि वार्धक्यातील दृष्टी

सुरत शहराच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे अनेक वर्षांपासून नांदत आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडची माणसे यंत्रमागांवर आणि कापडाच्या व्यवसायात कामाला आली. संसार स्थिरावल्यावर अनेकांनी गावाकडच्या आईवडिलांनाही तेथे आणले. अशा एखाद्या घरातील सत्तरी ओलांडलेल्या आजींचे उदाहरण कल्पावे. महिनाभर त्यांचे कानशील ठणकते आहे. केस विंचरताना फणी लागली तरी त्या कळवळतात. भाकरीचे चार घास चावले की जबडा दुखून येतो. थोडे थांबले की दुखणे ओसरते. सकाळी उठताना खांदे आखडलेले असतात. भूक मंदावली आहे, अंगात कणकण आहे.

घरात या प्रत्येक तक्रारीचे वेगळे उत्तर तयार असते. डोके दुखते ते चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे, जबडा दुखतो तो दाढेमुळे, खांदे दुखतात ते वातामुळे आणि भूक गेली ती वयामुळे. मग एका सकाळी आजींना एका डोळ्याने दिसेनासे होते. त्यावरही ‘मोतीबिंदू पिकला असेल’ असे म्हणून चार दिवस जातात. ते चार दिवसच फार महाग पडतात. कारण या सर्व तक्रारींचे मूळ एकच असू शकते: रक्तवाहिन्यांना आलेली सूज.

धमनीत काय घडते?

या विकाराला वैद्यकात ‘जायंट सेल आर्टरायटिस’ म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मध्यम व मोठ्या धमन्यांच्या भित्तिकांवर उलटते. सूक्ष्मदर्शकाखाली तेथे अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी दिसतात, त्यावरून हे नाव पडले. सुजलेली भित्तिका जाड होते, आतला मार्ग अरुंद होतो आणि रक्तप्रवाह आटतो. कानशिलावरून जाणारी धमनी वरचेवर याच्या तडाख्यात सापडते. कधी ती दोरीसारखी जाड आणि हाताला दुखरी लागते. जबड्याच्या स्नायूंना रक्त पुरेसे मिळत नाही, म्हणून चावताना ते थकतात.

खरा धोका डोळ्यामागे असतो. डोळ्याने टिपलेले चित्र मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूच्या अग्रभागाला काही बारीक धमन्या रक्त पुरवतात. त्या बंद पडल्या की मज्जातंतूचा तो भाग मरतो, आणि मेलेला मज्जातंतू पुन्हा जिवंत होत नाही. या रक्तपुरवठ्याचा सखोल अभ्यास करणाऱ्यांत पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्यरत राहिलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. सोहनसिंग हैरेह यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. चावताना जबडा दुखणे हे या विकाराचे अत्यंत महत्त्वाचे लक्षण असल्याचे त्यांच्याच अभ्यासातून ठळक झाले. या विकाराने दृष्टी गमावलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के रुग्णांना डोळ्याखेरीज अन्य कोणतीही तक्रार नव्हती, हेही त्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे डोके दुखले नाही म्हणून हा विकार नाही, असे मानता येत नाही.

जुना आजार, नवी ओळख

हा आजार नवा नव्हे. सुमारे हजार वर्षांपूर्वी बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा याने कानशिलाच्या धमन्या आणि डोळ्यांचे विकार यांचा संबंध नोंदवला होता. १८९० मध्ये लंडनचे डॉ. जोनाथन हचिन्सन यांनी एका वृद्धाचे वर्णन केले. सुजलेल्या धमन्यांमुळे त्याला डोक्यावर हॅटही ठेववत नव्हती. १९३२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. बेयार्ड हॉर्टन यांनी या विकाराला वैद्यकशास्त्रात ठाम स्थान मिळवून दिले. १९५० च्या सुमारास कॉर्टिसोन उपलब्ध झाले आणि दृष्टी वाचवण्याचा मार्ग प्रथमच खुला झाला.

पन्नाशीच्या आत हा विकार जवळजवळ होत नाही. सत्तरीनंतर त्याचे प्रमाण वाढते आणि स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. स्कॅन्डिनेव्हियात पन्नाशीपुढील लाखभर लोकांमागे वर्षाला साधारण वीस जणांना तो होतो. भारतात नोंदले गेलेले रुग्ण त्या मानाने थोडे आहेत. त्यामुळे ‘हा गोऱ्यांचा आजार’ असा समज रूढ झाला. आजार विरळ असला, तरी तो मनातच आला नाही तर सापडणार कसा?

गोव्याच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण ११.२ टक्के होते; केरळनंतर राज्यांमध्ये ते सर्वाधिक होते. मुले परदेशी आणि घरात एकटे आईवडील, हे चित्र येथील वाड्यावाड्यांवर दिसते. सुरतेतील आजींची तक्रार निदान सुनेच्या कानावर पडते. म्हापशातील किंवा मडगावातील एकट्या आजींची ती कोणाच्याच कानी जात नाही.

निदानाआधी औषध

सामान्यतः रोगाचे निदान आधी आणि उपचार नंतर असा क्रम असतो. येथे तो उलटतो. संशय बळकट असेल, तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात. दृष्टी बाधित झाली असल्यास बहुधा रुग्णालयात दाखल करून ते शिरेतून देतात. गेलेली दृष्टी परत येण्याची आशा फारच थोडी असते. सारी धडपड असते ती दुसऱ्या डोळ्यासाठी. उपचार न झाल्यास दुसरा डोळाही काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाऊ शकतो.

ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या साध्या असून लहान शहरांतील प्रयोगशाळांतही होतात. एकट्या ईएसआरवर विसंबून चालत नाही. काही रुग्णांत तो सामान्य येतो, म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र पाहाव्या लागतात. कानशिलाच्या धमनीची सोनोग्राफी केल्यास सुजलेल्या भित्तिकेभोवती काळसर वलय दिसते. त्याच धमनीचा लहानसा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, ही जुनी आणि भरवशाची पद्धत. स्टेरॉइड सुरू केल्यावरही आठवडा-दोन आठवड्यांपर्यंत बायोप्सीत रोगाच्या खुणा सापडू शकतात; म्हणून तपासणीसाठी औषध लांबवण्याचे कारण उरत नाही.

मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये धमनीला सूज नसतानाही मज्जातंतूचा रक्तपुरवठा अकस्मात खंडित होऊ शकतो, आणि हा प्रकार अधिक आढळतो. दोहोंचे उपचार भिन्न असल्याने फरक ओळखणे हे डॉक्टरांचेच काम.

दुधारी औषध

स्टेरॉइड हे दुधारी शस्त्र आहे. ते रक्तातील साखर वाढवते, हाडे ठिसूळ करते आणि शरीरात दबून राहिलेला क्षयरोग जागा करू शकते. म्हणून पूर्वी क्षय झाला असल्यास किंवा मधुमेह असल्यास डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. औषधाची मात्रा हळूहळू कमी केली जाते आणि उपचार बहुधा वर्ष-दोन वर्षे चालतात. बरे वाटले म्हणून गोळी एकाएकी सोडणे घातक ठरते. स्टेरॉइडचा भार कमी करणारे टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन २०१७ पासून अमेरिकेत या विकारासाठी मान्यताप्राप्त आहे. मात्र ते महाग आहे.

घरच्यांनी काय पाहावे?

साठीच्या पुढे, पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू झाली. चावताना जबडा दुखू लागला. डोक्याच्या त्वचेला हात लावू देईना. एका डोळ्यासमोर क्षणभर पडदा आला आणि गेला. किंवा एकाची दोन चित्रे दिसू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुरतेत न्यू सिव्हिल किंवा महापालिकेचे स्मिमेर रुग्णालय आहे. गोव्यात बांबोळीचे गोमेकॉ आहे. डॉक्टरांसमोर डोळ्याची तक्रार तेवढी न मांडता जबडा, खांदे, ताप, घटलेले वजन असे सारे एकत्र सांगावे. दंतवैद्याला एक, अस्थितज्ज्ञाला दुसरे आणि नेत्रतज्ज्ञाला तिसरे लक्षण सांगितले, तर तिघांपैकी कोणालाच पूर्ण चित्र दिसत नाही.

मोतीबिंदू महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. रात्रीतून गेलेली दृष्टी मोतीबिंदूची नसते. एवढे एक वाक्य घरात सर्वांना ठाऊक असले, तरी एखाद्या आजीचा दुसरा डोळा वाचू शकेल.