सर्क्युलर तर पोचलं होतं

जानेवारी २०१८. मुंबईतल्या फोर्ट भागात पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेत काही हिरे कंपन्यांकडून नेहमीसारखी मागणी आली: परदेशातून माल आणायचा आहे, बँकेचं हमीपत्र, म्हणजे लेटर ऑफ अंडरटेकिंग, द्या. टेबलावरच्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे शंभर टक्के रोख मार्जिन मागितलं. आम्हाला आजवर मार्जिनशिवायच मिळत आलंय, असं उत्तर मिळालं. शाखेच्या नोंदी तपासल्या, तर असं काही दिल्याचा मागमूसही नव्हता. फेब्रुवारीत बँकेने शेअर बाजाराला कळवलेला अशा व्यवहारांचा आकडा साधारण ११,४०० कोटी रुपयांचा होता आणि पुढे तो वाढत गेला. या प्रकरणावर फसवणूक म्हणून पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्या टेबलावरच्या संवादातली विचित्र गोष्ट वेगळी आहे. बँकेची ‘पद्धत’ ग्राहकाला ठाऊक होती. त्या हमीवर पैसे देणाऱ्या इतर भारतीय बँकांच्या परदेशी शाखांनाही ती ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती बँकेलाच.

मोठ्या संस्थांमध्ये ‘नॉलेज मॅनेजमेंट’ आणि ‘कम्प्लायन्स’ हे दोन वेगळे कारभार मानले जातात. पहिल्याकडे प्रशिक्षण, पोर्टल, फारसं कोणी न उघडलेली मॅन्युअलं. दुसऱ्याकडे नियम, तपासणी, दंडाची भीती. जोखीम सांभाळणारा विभाग तिसऱ्या मजल्यावर आपलं रिस्क रजिस्टर भरत असतो. माझं म्हणणं असं, की हे तिघे एकाच प्रश्नाशी झगडतात: संस्थेत कुठेतरी ठाऊक असलेली गोष्ट, जो हात प्रत्यक्ष बटण दाबतो त्याच्यापर्यंत वेळेत पोचते का? बँकांवरच्या देखरेखीचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बासेल समितीने ऑपरेशनल जोखमीची व्याख्या करताना अपुऱ्या किंवा फसलेल्या प्रक्रिया, माणसं, यंत्रणा आणि बाहेरच्या घटना अशी कारणं दिली. त्यातल्या पहिल्या तिन्हींच्या मुळाशी बऱ्याचदा न पोचलेली माहिती सापडते.

ब्रॅडी हाउसच्या बाबतीत तर धोक्याची माहिती आधीपासून होती. तिथली हमीपत्रं स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून परदेशी जात. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून खोट्या स्विफ्ट संदेशांच्या आधारे ८.१ कोटी डॉलर गेले. त्याच वर्षी युनियन बँकेवर तसाच घाला पडला. ते पैसे मात्र परत मिळाले. ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा आपण बँकांना स्विफ्टच्या गैरवापराबद्दल गोपनीय इशारा दिला होता, असं रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केलं. म्हणजे सर्क्युलर निघालं होतं, पोचलंही होतं. सर्क्युलरचं पुढे काय होतं, हे बँकेत काम केलेल्या कोणालाही विचारावं. ते इनवर्ड होतं, प्रत निघते, ‘वाचले’ म्हणून सह्या होतात, फाइलला लागतं, आणि तिमाही अहवालात ‘पूर्तता केली’ असा रकाना भरला जातो. मोजलं जातं ते कागदाचं पोचणं. इथे कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा, आणि स्विफ्ट ही दोन यंत्रं एकमेकांशी जोडलेली नव्हती, त्यामुळे कोअर बँकिंगमध्ये नोंद न करताच परदेशी संदेश जाऊ शकत होता. त्या दोन पडद्यांमधली फट ज्याला दिसत होती, त्याने ती कळवली नाही. ज्यांनी विचारायला हवं होतं, त्यांना काय विचारावं हेच माहीत नव्हतं. बाहेरही तेच. हिरे-जवाहिरांच्या आयातीसाठी अशा उधारीची मुदत ९० दिवसांची, पण हमीपत्रं वर्षभराची निघत होती. नियम छापील आणि जुना. तरीही पैसे देणाऱ्या शाखांना तो आठवला नाही, किंवा आठवून सोयीचा वाटला नाही.

यावर साधा आक्षेप असा, की ही लबाडी होती, कोणी काही ‘विसरलं’ नव्हतं. मॅन्युअल वाचून चोर सुधारत नाही. खरंच आहे. पण चोरी होणं आणि ती अनेक वर्षं चालणं यांत फरक आहे. प्रत्येक हमीपत्राची मुदत संपते, ते फेडायला नवं काढावं लागतं, आणि त्यासाठी तोच माणूस त्याच खुर्चीत असावा लागतो. आरोप असलेला उपव्यवस्थापक २०१० ते २०१७ एकाच शाखेत होता आणि तो निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच सगळं उघडं पडलं. संवेदनशील जागांवरच्या माणसांची ठरावीक काळाने बदली करावी, त्यांना वर्षातून सलग दहा दिवस सक्तीची रजा द्यावी, या सूचना काही नव्या नव्हत्या. मग त्या पाळल्या का जात नाहीत? उत्तर कुठल्याही कार्यालयात ऐकू येतं: ‘साहेब, त्यांच्याशिवाय काम अडतं.’ नॉलेज मॅनेजमेंटच्या पुस्तकांत असा माणूस संस्थेचा ठेवा असतो. जोखमीच्या नजरेने तोच माणूस धोक्याची खूण असतो, मग तो कितीही सचोटीचा असो. चार्ज देताना किल्ल्या, शिक्के, डेडस्टॉक, प्रलंबित फाइली यांची यादी होते. कोणत्या ग्राहकाला कोणती सवलत कोणाच्या तोंडी शब्दावर चालू आहे, हे मात्र कुठल्याच यादीत येत नाही. ते लिहून घेतल्याशिवाय बदलीचा नियम पाळणं कोणत्याही व्यवस्थापकाला परवडणार नाही. ज्ञान जपण्याचं काम आणि नियम पाळण्याचं काम इथे एकच होतं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. सगळं लिहून सगळ्यांपुढे ठेवलं, तर नियंत्रणातल्या फटीही सगळ्यांना कळतील. शिवाय, लिहिलेलं उद्या न्यायालयात आपल्याच विरुद्ध वाचलं जाईल. रिझर्व्ह बँकेचे ते इशारेही गोपनीय होते, त्यामागे कारण होतं. म्हणून ‘माहिती मोकळी करा’ हा सरसकट उपदेश इथे भाबडाच ठरतो. पण गोपनीय याचा अर्थ फक्त वरच्या मजल्यापुरतं, असा लावला की जिथे संदेश टाइप होतो त्या टेबलाला सर्वांत कमी कळतं. आजच्या घडीला बहुतेक संस्थांची वाटणी अशी उफराटीच आहे.

तिसरा आक्षेप यंत्राच्या बाजूने: स्विफ्ट कोअर बँकिंगला जोडा, माणसाच्या लक्षात राहण्यावर विसंबू नका. हा मला मान्य आहे. नियम विसरताच येऊ नये अशी रचना करणं, ही ज्ञान जपण्याची सर्वांत पक्की रीत. फक्त यंत्राला कालची फट माहीत असते आणि ते जोडायलाही कोणीतरी सर्क्युलर वाचून कामाला लागावं लागतं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्विफ्टवरच्या नियंत्रणांसाठी मुदती घालून दिल्या, मार्चमध्ये हमीपत्रांची पद्धतच बंद केली. देशभर दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवरही स्विफ्ट हा शब्द ऐकू येत होता. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच मुदती न पाळल्याबद्दल दंड झालेल्या बँका होत्या ३६, दंडाची बेरीज ७१ कोटी रुपये.