लखोट्याची दर्शनी बाजू

मराठेशाहीच्या दफ्तरात पत्राचा बाह्यवेष ही क्षुल्लक बाब मानली जात नसे. जुन्नरी वा दौलताबादी कागदावर चिटणिसाने मोडीत उतरविलेला मजकूर संपला, की पुढे कोणी पदरचे चार शब्द घुसडू नयेत म्हणून त्याखाली लेखनसीमेचा शिक्का उमटावा, मग घडी घालून पत्र लाखेने मोहोरबंद करावे, आणि ते बड्या असामीकडे जावयाचे असल्यास किनखापी खलित्यात घालून जासुदाच्या हवाली करावे, असा रिवाज होता. पत्र कोणाचे, कोणत्या योग्यतेच्या माणसास आणि वाटेत ते कोणी फोडले की काय, या तिन्ही प्रश्नांचा निकाल आतले अक्षर वाचण्यापूर्वीच लागत असे.

इंग्रजी अमलात मात्र या डौलास वजनाची कात्री लागली. 1 ऑक्टोबर 1854 पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा असा देशभर एकच दर सुरू झाल्यावर जाडजूड पाकिटाची हौस थेट पदराला खार लावू लागली. लग्नपत्रिकेने तेवढा थाट सोडला नाही. गिरगावातील ज्या रस्त्यास नाटककार व ‘नवाकाळ’चे संस्थापक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नाव आहे, तेथील पत्रिकांच्या दुकानांत निवड करावी, कोपऱ्यांस हळदकुंकू लावावे, आणि पाकिटाचे तोंड न चिकटविता नुसते आत खोचून ते सवलतीच्या बुकपोस्टाने रवाना करावे, हा क्रम आपल्या वडीलधाऱ्यांस पाठ होता.

आता गिरगाव सोडून मीरा रोड-भाईंदरास आलेल्या बिऱ्हाडांस त्या दुकानांपर्यंत जाण्याचीही निकड उरलेली नाही. शाईची टाकी असलेले छोटे छपाईयंत्र जेवणाच्या मेजावर मावते आणि मुंजीची, वास्तुशांतीची वा आहेराची नाममुद्रित पाकिटे घरीच निघू शकतात. पण येथे हौसेपेक्षा भूमितीस अधिक मान द्यावा लागतो. ए-4 कागदातून 114 × 162 मिलिमीटरचे, पत्रिकेजोगे पाकीट दोन्ही बाजूंच्या चिकटपट्ट्यांसह सुखाने निघते. कचेरीत चालणारे 220 मिलिमीटरचे लांब पाकीट त्यातून निघत नाही, कारण कागद आडवा धरून बाजूच्या पट्ट्या साधल्या तरी उभ्या मापात पुढची व मागची बाजू धरल्यावर झाकणास जागाच उरत नाही. छपाई सपाट कागदावर आधी, घडी मागाहून, हा दुसरा दंडक. त्यातही गंमत अशी, की दर्शनी बाजूवरील पत्ता सुलटा छापताना मागे येणारे प्रेषकाचे नाव मात्र त्याच कागदावर डोके खाली करून छापावे लागते. तळची पट्टी मागे दुमडली, की ते आपोआप सरळ होते. हे ध्यानात न घेणाऱ्याची पहिली पाकिटे बहुधा रद्दीतच जातात.

शाई वाळण्यास पुरता अवकाश द्यावा, विशेषतः खाडीकाठच्या दमट हवेत. चिकटविण्यास मैद्याची पातळ खळ पुरते, आणि कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालण्याची जुन्या दप्तरबंदांची युक्ती आजही खरी आहे. मात्र मोरचूद विषारी असल्याने ते भांडे स्वयंपाकात परत आणू नये. बाजारची आयती गोंद लावलेली पाकिटे लेझर यंत्रात घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या उष्णतेने झाकणे छपाई होताहोताच चिकटून बसतात.

अशा पाकिटावर दोन कवी नकळत हजेरी लावून जातात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. संगणकावर पुष्कळांनी प्रथम पाहिलेली ‘मंगल’ ही देवनागरी अक्षरमाला सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांच्या हातची. आणि 15 ऑगस्ट 1972 रोजी अमलात आलेली पिनकोडाची षडंकी योजना केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन बटवड्याच्या टपालघराचे, इतकी आटोपशीर रचना कवीसच साधावी!

आमच्या मीरा-भाईंदर शहराची फजिती येथेच होते. 12 जून 1985 रोजी नगरपालिका आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका झालेले हे गाव ठाणे जिल्ह्यात असूनही पत्रिकांवर ‘मीरा रोड, मुंबई’ असे ऐटीत छापले जाते, आणि त्याच ओळीतील 401 हे अंक ती ऐट तत्क्षणी उघडी पाडतात. कारण मुंबईचे अंक 400 ने आरंभ होतात. सदनिका, विंग, सोसायटी, संकुल, सेक्टर आणि ‘अमक्याच्या समोर’ अशी सहा ठिकाणे सांगणाऱ्या पत्त्यास आणखी एका खोट्या ठिकाणाची गरज नाही. नक्षी, नाममुद्रा, सोनेरी किनार ही सारी दुय्यम. पाकिटाची प्रतिष्ठा अचूक पत्त्यात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा या दिवाळीत घरी पाकिटे छापणाऱ्यांनी ‘मुंबई’ वगळून ‘जि. ठाणे’ छापावे, आणि भाईंदर पश्चिम 401101, भाईंदर पूर्व 401105, उत्तन 401106, मीरा रोड 401107 हे अंक छपाईपूर्वी एकदा ताडून पाहावेत.