फासा खोटा पडू नये म्हणून

मैत्रिणींनो, फासा म्हटलं की आपल्याला आधी शकुनी आठवतो, नाहीतर सुटीतला मुलांचा लुडो. मी घरी रेझिनचे फासे करून विकते असं सांगितलं की बायका आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "अगं, पण घेतं कोण?"

घेतात हो! १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसून एक गोष्ट रचत जातात, आणि राक्षसाला तलवार लागली की चुकली, हे फासा ठरवतो. त्याला सात फाशांचा संच लागतो. ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा एकेक, आणि १० बाजूंचे दोन. आपल्याकडची कॉलेजातली मुलंही हा खेळ खेळतात. माझा भाचा त्यातलाच. "मावशी, मेणबत्त्या करतेस, मग हे का नाही?" असं म्हणाला आणि साचाच घेऊन आला.

मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते. दुपार मोकळी. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत गॅलरीतलं एक टेबल मी अडवलं. रेझिन दोन बाटल्यांत येतं, एकात रेझिन आणि दुसरीत ते घट्ट करणारं द्रव्य. दोन्ही मिसळून, रंग घालून सिलिकॉनच्या साच्यात ओतायचं. एका संचाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर पुरतं. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण मात्र काटेकोर पाळायचं. विरजणासारखं 'जरा जास्त पडलं तर काय' हे इथे चालत नाही. जास्त घातलं म्हणून लवकर घट्ट होत नाही, उलट फासा चिकटच राहतो. एक-दोन दिवसांनी साच्यातून काढायचं, ओल्या पॉलिश पेपरवर घासायचं, आकड्यांच्या खाचांत रंग भरायचा. झालं!

असं मला वाटलं होतं.

पहिले नऊ संच मी ४०० रुपयांना एक या भावाने विकले. काय तो आनंद! मग गणपतीच्या दिवसांत एक मुलगी घरी आली. "काकू, रागावू नका, पण तुमच्या फाशावर २० फार वेळा पडतं. मैत्रिणी म्हणतात मी लबाडी करते. आता मला खेळायलाच घेत नाहीत." तिचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाच्याने एक युक्ती सांगितली. ग्लासभर कोमट पाण्यात फासा तरंगेपर्यंत मीठ विरघळवायचं. मग त्याला टिचकी मारून फिरवायचं. दर वेळी निराळी बाजू वर आली तर ठीक. एकच बाजू पुन्हा पुन्हा वर येत असेल, तर ती बाजू हलकी. आमच्या ग्लासात २० वर आलं. पुन्हा २०. पुन्हा २०च. ह्यांनी करवतीने तो फासा कापला, तर २० च्या आकड्याखाली मोहरीपेक्षा मोठा बुडबुडा! गडद निळ्या रंगामुळे तो बाहेरून दिसलाच नव्हता.

कारण माझंच होतं. भज्यांचं पीठ फेटावं तसं मी रेझिन फेटत होते. त्यात कोंडलेली हवा वर चढते आणि साच्याच्या झाकणाखाली अडकते. आणि माझ्या साच्यात झाकणाखाली येत होतं ते २०. म्हणजे खोट एका फाशात नव्हती, सगळ्या नऊ संचांत असणार होती.

"तक्रार एकीचीच आहे ना? बाकीच्यांना कशाला उठवतेस?" हे म्हणाले. खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर तसंच वाटलं. ३,६०० रुपयांतले बरेचसे पुढच्या सामानात गेले होते. पण त्या पोरीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी बाकीच्या आठ जणांना फोन केले. सहा जणांनी बदलून मागितले, एकाने पैसे परत घेतले, आणि एक पठ्ठ्या म्हणाला, "राहू द्या काकू, माझं नशीब असंही वाईटच आहे." त्या मुलीला नवा संच मी स्वतः नेऊन दिला, आणि मीठ-पाण्याचा ग्लास तिच्या मैत्रिणींसमोर मांडला.

आता मी चमचा न उचलता सावकाश ढवळते. बारीक धारेने ओतते, झाकणालाही आतून काडीने रेझिन लावते, साचा काठोकाठ भरते आणि झाकण एका कडेकडून हळूहळू टेकवत आणते. हवा दुसऱ्या कडेने निघून जाते. मुरलेले कारागीर खास दाबाची टाकी वापरतात. ते बघून घरच्या कुकरमध्ये हवा भरायला जाऊ नका बरं! तो त्यासाठी नसतो, फुटेल. घासतानाही सगळ्या बाजू सारख्या घासायला हव्यात, नाहीतर बुडबुडा नसूनही फासा बिघडतो. विकण्याआधी प्रत्येक फासा ग्लासात जातो. सातात एखादा तरी बाद होतोच.

आणि हात सांभाळा. कच्चं रेझिन अंगाला लागत राहिलं तर त्याची ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की बहुधा जन्माची सोबत. तेव्हा नायट्राइलचे हातमोजे, मास्क आणि उघडी खिडकी हवीच. घासणं कायम ओलं, म्हणजे धूळ उडत नाही. ह्या कामाचे कप-चमचे स्वयंपाकघरात परत न्यायचे नाहीत, आणि मुलांना टेबलाजवळ फिरकू द्यायचं नाही.

राहिला भाव. ४०० रुपयांत मी सामान धरलं होतं, माझे तीन तास आणि बाद होणारे फासे धरलेच नव्हते. आता संच १,२०० रुपयांना देते. "एवढे?" म्हणणाऱ्याला मी ग्लास दाखवते. काही घेतात, काही जातात. पावसाळ्यात मात्र नव्या ऑर्डरी घेत नाही. आमच्याकडच्या दमट हवेत फाशावर चिकट साय धरते, आणि मग सगळं पुन्हा घासत बसावं लागतं.