चित्रफीत लहान करताना किडीची ओळख जपावी

मक्याच्या पोंग्यातील अळी ही अमेरिकन लष्करी अळीच आहे काय, हे ठरविताना दोन खुणा निर्णायक असतात : डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट रेषा आणि उदराच्या आठव्या खंडावर चौकोनात असलेले चार काळे ठिपके. २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात नोंदली गेलेली ही कीड अल्पावधीत अनेक राज्यांत पसरली. आज शेतातून तज्ज्ञांकडे येणारी मोबाइलवरील चित्रफीत निदानास मोठा हातभार लावते. मात्र फाईल लहान करताना हे ठिपकेच पुसले गेले, तर निदान चुकते आणि अनावश्यक फवारणी शेतकऱ्याच्या माथी येते.

फाईलचा आकार हा बिटरेट आणि कालावधी यांचा गुणाकार असतो. सेकंदाला १७ मेगाबिट या गतीने केलेले दोन मिनिटांचे चित्रण सुमारे २५५ मेगाबाइट भरते. तेच २ मेगाबिटवर आणल्यास ३० मेगाबाइट होते. ही बचत साधताना संगणक लागोपाठच्या चौकटींतील केवळ फरक साठवतो आणि डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे वगळतो. रंगाची माहिती तर बहुधा उजेडाच्या माहितीच्या एक-चतुर्थांश बिंदूंवरच ठेवली जाते. त्यामुळे कोळीच्या प्रादुर्भावाने पानावर उमटणारे सूक्ष्म पिवळसर ठिपके आधी पुसट होतात. हात हलला किंवा वाऱ्याने पान डोलले, की फरक वाढतो आणि तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र अधिक बिघडते.

म्हणून कपातीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम अनावश्यक भाग कापून कालावधी घटवावा. अळी चौकटभर दिसेल इतक्या जवळून, मोबाइल स्थिर ठेवून चित्रण करावे. त्यानंतरच हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या विनामूल्य साधनांनी एमपी४ स्वरूपात रूपांतर करावे. फाईलच्या नावाचा शेवट बदलल्याने आकार घटत नाही. एमपी४ हे केवळ वेष्टन असून संकोचन आतील सांकेतन करते. २००३ चे एच.२६४ जवळजवळ प्रत्येक मोबाइलवर चालते. २०१३ चे एच.२६५ जवळपास निम्म्या आकारात तोच दर्जा देऊ शकते, परंतु जुन्या उपकरणांवर अडखळते. एच.२६४ साठी गुणवत्तेचा आकडा २० ते २३ ठेवावा. आकडा जितका मोठा, तितका दर्जा कमी.

संदेश-अ‍ॅपमधून चित्रफीत म्हणून पाठविलेली फाईल बहुधा पुन्हा संकुचित होते. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास हे टळते. वगळलेला तपशील नंतर बिटरेट वाढवूनही परत येत नाही. यास्तव मूळ फाईल निदान होईपर्यंत जपावी आणि लहान केलेली प्रत पाठविण्यापूर्वी ती थांबवून पाहावी : चारही ठिपके मोजता आले, तरच ती पाठविण्यायोग्य आहे.