संशोधनग्रंथाची सूची आणि तीतील अनाहूत नोंदी

मराठीत ‘सूची’ हा शब्द दोन भिन्न वस्तूंसाठी योजला जातो. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची नोंद आहे, ग्रंथाच्या अखेरीस येणारी नामसूची व विषयसूची ही मात्र त्या एकाच ग्रंथात प्रवेश करण्याची वाट असते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या प्रकाराचाच विचार केला आहे.

आज बहुतेक ग्रंथांची पृष्ठरचना इनडिझाइनसारख्या आज्ञावलीत होते आणि सूचीही तीतच सिद्ध होते. त्यामुळे हे काम यंत्राचे आहे असा समज रूढ झाला आहे. माझ्या प्रबंधाला ग्रंथरूप देताना मीही तो समज बाळगला होता. सूचीची पहिली प्रत हाती आली तेव्हा ‘नामदेव’ या एकाच शीर्षाखाली संत नामदेव आणि ‘गोलपिठा’ (१९७२) लिहिणारे नामदेव ढसाळ यांचे पृष्ठांक एकत्र झाले होते. ‘तुकाराम’, ‘तुकारामांच्या’ आणि ‘तुकारामांनी’ या तर तीन स्वतंत्र नोंदी झाल्या होत्या. दोष यंत्राचा नव्हता. खुणा मीच घाईने केल्या होत्या.

या दोषाचे मूळ समजण्यासाठी सूची कशी तयार होते हे पाहिले पाहिजे. संहितेत विशिष्ट जागी एक अदृश्य खूण ठेवली जाते व ती एखाद्या शीर्षाशी जोडली जाते. आज्ञा दिल्यावर या खुणांवरून पृष्ठांकांची यादी तयार होते. ‘ॲड ऑल’ ही सोय निवडलेल्या शब्दाची सर्व स्थळे शोधते. परंतु ती पूर्ण शब्दच पाहते. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात. म्हणून प्रत्यययुक्त रूपे सुटतात आणि एकाच नावाच्या दोन व्यक्ती मात्र एकत्र येतात. सुटलेली रूपे हाताने निवडली की निवडलेले रूपच शीर्ष बनते. अनाहूत नोंदींचा सर्वांत मोठा वर्ग असा निर्माण होतो.

दुसरा वर्ग डोळ्यांना न दिसणाऱ्या भेदांचा. ‘ॲरिस्टॉटल’मधील आद्याक्षर एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच ‘अ’ला चंद्र जोडूनही लिहिता येते. एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. ‘कऱ्हाड’मधील अर्ध्या ‘र’चीही हीच स्थिती आहे. कागदावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटतात. जुन्या टंकातून रूपांतरित केलेल्या मजकुरात शब्दाअखेरीस राहिलेली मोकळी जागाही असाच घोळ करते. यावर उपाय एकच, तो म्हणजे खुणा करण्यापूर्वी संपूर्ण संहितेचे लेखन एकरूप करणे. नंतर संहितेतील शब्द सुधारला तरी शीर्ष आपोआप सुधारत नाही.

तिसरा वर्ग संहितेच्या स्थलांतरातून येतो. एका प्रकरणातील परिच्छेद दुसरीकडे नेताना त्यातील खुणाही सोबत जातात. ग्रंथाच्या यादीत प्रकरणाचा जुना खर्डा राहून गेला, किंवा लपवलेल्या स्तरावरील नोंदी घेण्याचा पर्याय चालू राहिला, तर नको असलेले पृष्ठांक येतात. चौकटीबाहेर ओसंडलेल्या मजकुरातील नोंद पृष्ठांकाविना अवतरते.

निवारणाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम फाइलची प्रत जपून ठेवावी. मग ‘रिप्लेस एक्झिस्टिंग इंडेक्स’ हा पर्याय निवडून सूची पुन्हा तयार करावी; कारण तयार झालेली सूची हा स्थिर मजकूर असतो आणि काढून टाकलेली नोंद जुन्या प्रतीत तशीच दिसत राहते. त्यानंतरही नोंद टिकली तर सूचीच्या फलकात ‘रेफरन्स’ या दृश्यातून तिच्या खुणेपर्यंत जावे व तेथील वाक्य वाचावे. नोंद योग्य पण शीर्ष चुकीचे असेल, तर संदर्भ उघडून तो योग्य शीर्षाशी जोडावा. नोंदच निरर्थक असेल, तर खूण काढावी. संपूर्ण शीर्ष काढल्यास त्याखालील उपनोंदी व संदर्भही जातात, याचे भान ठेवावे. शेवटी ‘रिमूव्ह अनयूज्ड टॉपिक्स’ने रिकामी शीर्षे दूर करून सूची पुन्हा तयार करावी. छापावयाच्या सूचीतच हाताने दुरुस्ती करणे हा मोह टाळावा. पुढच्या वेळी ती दुरुस्ती पुसली जाते.

एवढे करूनही ‘नामदेव’ या शब्दाने कोणत्या पृष्ठावर कोण अभिप्रेत आहे, हा निर्णय उरतोच, आणि तो वाक्य वाचल्याशिवाय होत नाही. अभ्यासक अनेकदा ग्रंथ सूचीपासून उघडतो. चुकीचा पृष्ठांक त्याला रिकाम्या हाताने परत पाठवतो, आणि सुटलेला पृष्ठांक तर आपल्या मांडणीचा तो भाग त्याच्या दृष्टीने नाहीसाच करतो. म्हणून सूची हे मुद्रकाकडे सोपवण्याचे काम नसून संशोधनाचेच अखेरचे प्रकरण आहे, असे मानणे इष्ट ठरेल.