मोजून होणारी भाजी

भाज्यांत दोन प्रकार असतात. एक पातेल्यात वाढवता येणारी आणि दुसरी मोजून होणारी. पाहुणा अवचित आला तर आमटीत पाणी घालता येतं, उसळीत बटाटा चिरून टाकता येतो. पण भरली वांगी चौदा केली असतील तर ती चौदाच असतात. म्हणून भरली भाजी ही कुणीतरी येणार आहे हे ठाऊक असलेल्या दिवसाची भाजी. किती जण येणार, कुणाला कांदा चालत नाही, कुणाला तिखट सोसत नाही, हा सगळा हिशेब आधी होतो आणि मगच विळी पुढे ओढली जाते.

विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात ज्यांनी वर्षं काढली आहेत त्यांना हा हिशेब शिकवावा लागत नाही. येताना मांडीवर पिशवी घेऊन भाजी निवडायची, हळदीकुंकू आणि डोहाळजेवणंही धावत्या गाडीत उरकायची, आणि वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी सगळ्यांनी जेवायला जमायचं. आमच्या आठजणींत एक वाडवळ, एक वसईची ख्रिस्ती, एक मारवाडी जैन, दोघी खानदेशातल्या. या जेवणाला दर वेळी आमच्या घरची भरली वांगी लागत, आणि ती करत माझ्या सासूबाई.

कृती सांगताना एखादा जिन्नस राखून ठेवायचा, ही आपल्या स्वयंपाकघरांतली जुनी आणि कधी उघड न बोललेली रीत आहे. "तुमच्यासारखी होत नाहीत हो," असं कुणी म्हणालं की सुगरणीला बरं वाटतं. सासूबाईंना मात्र ते मुळीच बरं वाटत नसे. "मावशी, कृती द्या ना," असं मैत्रिणी म्हणाल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना ओट्याभोवती उभं केलं. अडचण एकच होती. त्यांचं सगळं माप मुठीचं. शेवटी मी काटा काढला आणि त्यांची मूठ मोजली. शेंगदाण्याच्या कुटाची त्यांची एक मूठ तीस ग्रॅमची भरली. माझी पस्तीसची. "म्हणूनच तुझा मसाला कोरडा होतो," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी ती कृती पहिल्यांदा कागदावर उतरली.

ती अशी. लहान, जांभळी, चकचकीत सालीची आणि हिरव्या देठाची चौदा वांगी. हाताला टणक लागली पाहिजेत; मऊ पडलेल्या वांग्यात बी जून निघतं. देठाचं टोक आणि काटे तेवढे काढायचे, देठ ठेवायचा, कारण शिजल्यावर वांगं त्याच्याच आधारावर एकसंध राहतं. खालच्या बाजूने अधिक चिन्हासारखी चीर देऊन वांगी मिठाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे काळी पडत नाहीत. मसाल्याला अर्ध्या नारळाचा चव बदामी रंगावर भाजलेला, दोन कांदे परतलेले, शेंगदाण्याचा कूट तीन मुठी (त्यांच्या, माझ्या नव्हेत), दोन चमचे भाजलेले तीळ, आलं-लसूण, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे गोडा मसाला, दीड चमचा तिखट, लिंबाएवढी चिंच कोळून, तेवढाच गूळ, मीठ. मसाला दाबून भरायचा, थोडा मागे ठेवायचा.

खरी मेख झाकणात आहे. पसरट भांड्यात चार-पाच चमचे तेलाची फोडणी करून वांगी एका थरात लावायची आणि वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतायचं. वरच्या पाण्याने झाकण थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन खाली पडते, आणि वांगी स्वतःच्याच रसात शिजतात. मंद आचेवर वीसेक मिनिटं. मधे एकदा हलक्या हाताने उलटायची. झाकणावरचं पाणी तोवर कढत झालेलं असतं. तेच राखलेल्या मसाल्यात कालवून शेवटी घालायचं. गार पाणी घातलं तर भाजी बिघडते असं त्यांचं ठाम मत, आणि ते मी तपासून पाहिलेलं नाही.

आता यातलं 'पारंपरिक' काय, असा प्रश्न आमच्या खानदेशी मैत्रिणीने एकदा विचारला. वांगं आपलं, तीळ आपले. पण शेंगदाणा आणि मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर भारतात आलेली, आणि वसई तर १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत त्यांच्याच ताब्यात होती. 'भरणे' हेही जगभर चालतं. तुर्कांचा दोल्मा म्हणजे 'भरलेलं', आणि तो शब्द बंगाली घरात पडवळाच्या धाकट्या भावंडापर्यंत, परवरापर्यंत, पोचला आहे.

तेव्हा मैत्रिणींनी कृतीत हात घातला त्याचं सासूबाईंना काही वाटलं नाही. ख्रिस्ती मैत्रिणीने गोड्या मसाल्याऐवजी घरचा बाटली मसाला घातला. जैन मैत्रिणीला वांगं, कांदा, लसूण काहीच चालत नाही. तिच्यासाठी वसईच्या कच्च्या केळ्याचे तुकडे चिरून त्यात खोबरं-तिळाचा मसाला भरला गेला, आणि खरं सांगायचं तर मला तीच भाजी जास्त आवडते. वाडवळ मैत्रीण थंडीत उकडहंडी आणायची. कोनफळ, रताळी, वालपापडी एकाच हंडीत शिजलेली.

बदल झाला तो वांग्यातच. आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यात वाडी, विहीर आणि बावखल यांवर भाजी उभी असे. पाणी टँकरने जाऊ लागलं, जमिनींवर इमारती येऊ लागल्या, तेव्हा १९८०च्या दशकाअखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. वाड्या काही उरल्या, बऱ्याच गेल्या. २००९ मध्ये महानगरपालिका झाली. वाडीवाल्या बायका टोपली घेऊन अजून बसतात, पण आमच्या बाजारातली बरीच भाजी आता नाशिककडून येते. ट्रकमधून आलेलं वांगं प्रवासात थोडं पाणी गमावून बसतं. त्याला मसाला जरा ओलसर लागतो आणि पाच मिनिटं जास्त. कागदावरच्या कृतीत हे नाही; ते मी पेन्सिलीने खाली लिहिलं आहे.

सासूबाई आता नाहीत. ग्रुपमधल्या तिघी वसई सोडून गेल्या, एक पुण्याला, एक नाशिकला, एक मुलाकडे कॅनडाला. तिथे मिळणारी वांगी मोठी, म्हणून तिने लहान सिमला मिरच्या भरल्या. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, तो फक्त एवढं विचारायला, की मूठ मावशींची धरायची की माझी.